ग्वातेमालातील मुलांकडून शिकलेला षट्कोनी पतंग : नवख्यांसाठी कृती

ग्वातेमाला या मध्य अमेरिकेतील देशात पतंगाला 'बारिलेते' म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या डोंगराळ भागातील कोणत्याही वस्तीत गेलात, तर उंबऱ्यावर बसून काड्या तासणारी आणि रंगीत कागद कापणारी मुले दिसतातच. १ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, सान्तियागो साकातेपेकेस आणि सुंपांगो या काक्चिकेल माया लोकांच्या दोन गावांत कित्येक मीटर व्यासाचे गोल पतंग उभारले जातात, आणि ते बनवण्याच्या कलेचा समावेश युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला आहे. ते पतंग तरुणांचे गट कित्येक महिने खपून तयार करतात, आणि त्यांपैकी सर्वांत मोठे केवळ उभे करून पाहण्यासाठी असतात. प्रवाशाने दोन दुपारींत शिकून घ्यावा असा पतंग वेगळा आहे : तीन काड्या, एक ताव कागद, जुन्या कापडाची शेपटी आणि दोरा एवढ्यावर मुले जो बनवतात, तो हातभर उंचीचा षट्कोन.

स्पॅनिश शिकण्यासाठी मी अँटिग्वा या शहरात (कॅरिबियन समुद्रातल्या त्याच नावाच्या बेटाशी त्याचा संबंध नाही) एका कुटुंबाकडे राहत होते. त्या घरातल्या दोन नातवंडांनी, साधारण दहा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या सहा वर्षांच्या भावाने, मला हा पतंग शिकवला. पुढील कृती त्यांची आहे. सेंटिमीटरमधली मापे आणि कारणे मी नंतर स्वतः बरेच पतंग करून पाहिल्यावर जोडली आहेत.

शिकायला कधी आणि कसे बसावे

ग्वातेमालात पावसाळा साधारण मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो, आणि तो ओसरला की उत्तरेकडून कोरडा, गार वारा सुटतो. पतंगाचा हंगाम तो हाच. सुंपांगो अँटिग्वाहून तासाभराच्या आत गाठता येते, त्यामुळे बहुतेक प्रवासी नेमक्या १ नोव्हेंबरलाच तिथे जातात; पण त्या दिवशी गर्दी इतकी असते आणि मुले उडवण्यात इतकी रमलेली असतात, की शिकवायला कोणालाच सवड नसते. आठ-दहा दिवस आधी या. शक्यतो एखाद्या घरी राहा, कारण घरातली किंवा शेजारची मुले आपसूक भेटतात आणि घरच्या मोठ्यांची परवानगी समोरासमोर घेता येते. अनोळखी मुलांशी रस्त्यात थेट बोलणे सुरू करू नये. आधी आई किंवा आजीला विचारावे. मुलांची छायाचित्रे काढण्यापूर्वीही त्यांनाच विचारावे, आणि नकार आला तर तो विषय तिथेच सोडावा.

मुलांना पैसे देऊ नका. कागदाचे चार-सहा ताव आणि दोऱ्याचे एक रीळ विकत घेऊन सगळ्यांच्या मध्ये ठेवा. कागद बाजारात 'पापेल दे चीना' या नावाने मिळतो, आणि आपल्याकडच्या पतंगी कागदासारखाच पातळ असतो. 'मे एन्सेन्यास आ असेर उन बारिलेते?' म्हणजे 'मला पतंग करायला शिकवशील का?' एवढे एक वाक्य पाठ असले तरी सुरुवात होते, कारण पुढचे शिकवणे बहुतेक हातांनीच चालते. ती मुलगी मला 'सेन्यो' म्हणायची, जे तिथे मुले शिक्षिकेला आणि मोठ्या बाईला आदराने म्हणतात, पण माझी गाठ चुकली की एक शब्दही न बोलता माझ्या हातातून काडी घ्यायची, गाठ सोडायची आणि काडी पुन्हा माझ्याच हातात द्यायची. पहिल्या दुपारी तिने माझी मधली बांधणी तीनदा सोडली. तिने स्वतः ती बांधून दिली असती तर मला आजही आली नसती.

संक्रांतीला पतंग उडवत मोठ्या झालेल्या माणसाला आणखी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. बारिलेते काटाकाटीसाठी नसतो. त्याला मांजा लागत नाही. तो एका जागी स्थिर, उंच आणि बराच वेळ उभा राहावा अशीच त्याची सगळी रचना असते. तिथे असे मानतात की या दिवसांत गेलेली माणसे भेटीला येतात आणि पतंगाच्या दोऱ्यावाटे त्यांच्याशी बोलता येते, तर वाऱ्यावर फडफडणाऱ्या कागदाच्या आवाजाने वाईट आत्मे दूर पळतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना परकी वाटू नये. ज्या दोऱ्यावरून आजोबांना निरोप जायचा, तो काचेचा असून चालत नाही.

सामान

साठ सेंटिमीटर लांबीच्या तीन काड्या घ्याव्यात. तिथली मुले नदीकाठच्या वेताची किंवा बोरूसारख्या पोकळ गवताची काडी चिरून घेतात. आपल्याकडे बांबूची कामटी उत्तम. जाडी साधारण पेन्सिलीच्या निम्मी असावी आणि काडी दोन्ही टोकांना धरून वाकवली असता धनुष्यासारखी सारखी वाकली पाहिजे. एका बाजूला जास्त वाकत असेल तर दुसरी बाजू जाड आहे असे समजून ती चाकूने तासावी. मुलगी प्रत्येक काडी मध्यावर बोटावर ठेवून तोलून पाहायची, आणि जे टोक खाली जाईल ते आणखी दोन-तीनदा तासायची. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पतंग पुढे एका अंगाला कलतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी केलेल्या आळसामुळे. चाकूचे काम मोठ्यांनी करावे आणि पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे.

चिकटवण्यासाठी खळ. मोठ्या पतंगांसाठी तिथे युका या कंदाचे पीठ पाण्यात शिजवून, त्यात लिंबाच्या सालीचे तुकडे घालून खळ करतात. युका म्हणजे आपला साबुदाणा ज्यापासून होतो तोच कंद, त्यामुळे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात ही खळ सहज जमते : साबुदाण्याचे पीठ दोन चमचे, पाणी एक वाटी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे आणि गार करून वापरावे. मैद्याची खळही चालते. बाटलीतला पांढरा गोंद जाड लागला तर वाळून कडक होतो आणि पातळ कागद त्याच्या कडेने फाटतो.

याखेरीज साधा सुती दोरा, एक जुना सदरा किंवा चादर, आणि कात्री. मोजपट्टी लागत नाही. का, ते पुढे येतेच.

सांगाडा आणि अर्धी काडी

तिन्ही काड्यांचा मध्य खुणा करून घ्यावा. दोन काड्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवून मध्यावर दोऱ्याचे चार-पाच तिरके वेढे द्यावेत, मग तितकेच उलट दिशेने. तिसरी काडी त्यावर आडवी ठेवून पुन्हा वेढे द्यावेत आणि शेवटी काड्यांच्या मधून दोरा फिरवून बांधणी आवळावी. या टप्प्यावर गाठ पक्की मारू नये. काड्या थोडा जोर लावल्यास फिरतील इतपत ती सैल ठेवावी. माझी बांधणी तीनदा सुटली ती मी प्रत्येक वेळी आधीच करकचून आवळल्यामुळे, कारण मग टोकांमधली अंतरे सारखी करता येत नाहीत.

आता सहा टोकांना लागून कडेचा दोरा फिरवायचा. प्रत्येक टोकाला चाकूने अगदी उथळ खाच पाडावी, एका टोकाला दोरा बांधावा आणि एकेका टोकावर एक वेढा देत पुढे जावे. टोकांमधले अंतर सारखे आहे हे कसे ओळखायचे? मुलीने काडीच्या अर्ध्या लांबीएवढा दोऱ्याचा एक तुकडा कापून तोंडात धरला होता, आणि प्रत्येक दोन टोकांच्या मध्ये तो ताणून बघत ती काड्या सरकवत गेली. सहाही बाजू त्या तुकड्याएवढ्या झाल्या तेव्हा दोरा ओठांनी ओला करून तिने शेवटची गाठ मारली आणि ती दातांत धरून आवळली. सम षट्कोनाची बाजू त्याच्या मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराएवढीच असते, हे आपण भूमितीत शिकतो. त्या पोरीकडे ते तोंडातल्या दोऱ्याच्या रूपात होते. पुढची सगळी मापे याच अर्ध्या काडीच्या हिशेबाने घ्यायची असल्यामुळे पतंग लहान करा की मोठा, कृती बदलत नाही. तुमची काडी साठ सेंटिमीटरची असेल तर हा तुकडा तीस सेंटिमीटरचा होईल. तो जपून ठेवा.

सगळ्या बाजू सारख्या झाल्यावरच मधली गाठ पक्की करावी आणि तिच्यावर खळीचे एक बोट फिरवावे.

कागद

पतंग असा धरावा की एक काडी आडवी राहील, वर दोन टोके, खाली दोन टोके आणि बाजूंना एकेक टोक येईल. सांगाडा कागदावर ठेवून कडेच्या दोऱ्याबाहेर दोन बोटे जास्त कागद सोडून कापावा. एक ताव पुरला नाही तर दोन रंगांचे ताव बोटभर एकमेकांवर घेऊन आधी चिकटवावेत, आणि जोड उभ्या मध्यरेषेवर किंवा आडव्या काडीवर येईल असे पाहावे, म्हणजे वजन दोन्ही बाजूंना सारखे राहते. मुले सहा त्रिकोणांत रंगांची आलटून-पालटून मांडणी करतात. ते सुंदर दिसते, पण पहिल्या पतंगाला करू नये, कारण जोड जितके जास्त तितकी खळ जास्त, आणि ओल्या खळीने पातळ कागद आक्रसतो.

कोपऱ्यांवर कागदाला चीर द्यावी, कड दोऱ्यावरून आत दुमडावी आणि खळीचे अगदी पातळ बोट फिरवून दाबावी. खळ बोटानेच लावावी. ब्रश लागलाच तर तो इतका जास्त ओला होतो की कागद विरघळल्यासारखा होतो. वाळेपर्यंत पतंग सावलीत आडवा ठेवावा. उन्हात ठेवलेला माझा कागद एका बाजूने ताणला जाऊन षट्कोन वाकला होता.

कडांना झालर लावतात, तिला 'फ्लेकोस' म्हणतात. चार बोटे रुंद पट्टी घडी घालून कंगव्यासारखी कापायची आणि दोन्ही बाजूंच्या तिरक्या कडांना चिकटवायची. झालरीने आवाज येतो आणि पतंग थोडा स्थिरही राहतो, मात्र डावी-उजवी लांबी सारखीच हवी.

कण्णी

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कण्णीला, म्हणजे पतंगाला उडवण्याच्या दोऱ्याशी जोडणाऱ्या सुतांना. कागदाच्या ज्या बाजूला काड्या नाहीत ती बाजू उडवणाऱ्याकडे येते, म्हणजे वारा कागदाला काड्यांवर दाबतो. वरच्या दोन टोकांजवळ आणि मध्यावर कागदाचे रुपयाएवढे तुकडे चिकटवून जागा मजबूत करावी, त्यातून सुईने भोके पाडावीत आणि दोरा आत घालून काडीला बांधावा. अशी तीन सुते पुढे येतात : वरच्या डाव्या टोकाचे, वरच्या उजव्या टोकाचे आणि मध्याचे.

वरची दोन सुते नेमकी अर्ध्या काडीएवढी ठेवावीत, आणि मध्याचे सूत त्याहून तीन बोटे कमी, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या पतंगाला साधारण पंचवीस सेंटिमीटर. तिन्ही एकत्र धरून एक गाठ मारावी आणि तिच्यातच उडवण्याच्या दोऱ्यासाठी छोटा फास ठेवावा. मग तो फास धरून पतंग घरातच लोंबता सोडावा. पतंगाचे वरचे अंग थोडे तुमच्याकडे झुकलेले आणि खालचे अंग दूर गेलेले दिसले पाहिजे, आणि डावी-उजवी बाजू समपातळीत असली पाहिजे. एक बाजू खाली असेल तर वरच्या दोन सुतांची लांबी पुन्हा मोजावी. पाव बोटाचा फरकही आकाशात गिरकी होऊन दिसतो. ही गाठ सुटू शकेल अशीच मारावी, कारण मैदानावर ती बदलावी लागणार आहे.

शेपटी

संक्रांतीचा पतंग शेपटीशिवाय उडतो, कारण त्याची आडवी कामटी कमानीसारखी वाकलेली असते आणि उडवणाऱ्याचा हात त्याला सतत सांभाळत असतो. हा षट्कोन सपाट असतो. त्याला सरळ ठेवते ती शेपटी.

खालच्या दोन टोकांना सुमारे अडीच अर्ध्या काड्यांएवढा दोरा सैलसर बांधावा आणि त्याच्या बरोबर मध्यावर शेपटी जोडावी. शेपटी म्हणजे दोन बोटे रुंदीच्या कापडी पट्ट्या एकीला एक गाठी मारून. एकूण लांबी दहा ते बारा अर्ध्या काड्या, म्हणजे आपल्या पतंगाला तीन ते साडेतीन मीटर. प्रत्येक पट्टी साधारण हातभर ठेवली की मैदानावर कमी-जास्त करणे सोपे जाते, आणि म्हणूनच सहा वर्षांच्या भावाच्या खिशात नेहमी दोन जादा पट्ट्या असायच्या. त्याच्याकडे तेवढेच काम होते, आणि ते त्याने पूर्ण गांभीर्याने केले.

उडवणे आणि दुरुस्ती

झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील इतका वारा पुरे. विजेच्या तारा, रस्ता आणि छपरे यांपासून दूर, मोकळे शेत किंवा मैदान शोधावे. अँटिग्वा शहरात तारांचे जाळे आहे, म्हणून मुले मला शहराबाहेरच्या कापणी झालेल्या मक्याच्या शेतात घेऊन गेली. तारेत अडकलेला पतंग काढायला कधीही जाऊ नये. आभाळ गडगडू लागले की दोरा गुंडाळून घरी यावे.

उडवणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. साथीदाराने पतंग घेऊन समोर पंधरा-वीस मीटर दूर जावे, शेपटी आपल्या मागे जमिनीवर सरळ पसरावी आणि पतंग डोक्यावर उभा धरावा. झोत आला की त्याने पतंग फक्त सोडायचा, वर फेकायचा नाही. उडवणाऱ्याने दोन-तीन पावले मागे जात दोरा खेचावा आणि पतंग चढू लागला की ढील द्यावी. मुले मला दुरून 'हाले!' म्हणजे 'ओढा!', 'देले इलो!' म्हणजे 'दोरा द्या!' असे ओरडून सांगत होती. इतक्या घाईतही त्यांची क्रियापदे आदरार्थीच होती, हे माझ्या मनात राहिले आहे. दोरा एखाद्या काडीवर किंवा रिकाम्या डब्यावर गुंडाळलेला असतो. येवल्याच्या आसारीचा, म्हणजे तिथल्या फिरकीचा, वेग त्याला नाही आणि इथे तो लागतही नाही.

पहिल्याच प्रयत्नात पतंग नीट उभा राहिला तर आनंदच आहे, पण बहुधा राहत नाही, आणि खरे शिकणे तेव्हा होते. पतंग गरगर फिरून गोते खात असेल तर आधी शेपटीला एक पट्टी जोडावी, मग दुसरी. दोन पट्ट्या जोडूनही तो नेहमी एकाच बाजूला फिरत असेल तर दोष शेपटीचा नाही. त्या बाजूची झालर, काडी किंवा कण्णीचे सूत तपासावे. पतंग दोरा जोरात ताणतो, पण वर न चढता मागे रेलून तसाच राहतो, असे झाले तर मध्याचे सूत अर्धे बोट लांब करावे. याउलट वर चढतो, पण दोरा सैल पडतो आणि पतंग फडफडत पुढे कोसळतो, असे झाले तर तेच सूत अर्धे बोट आखूड करावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि मुले नेमकी याच वेळी हात धरून थांबवतात. पतंग उडतो, पण जमिनीपासून फारसा उठत नाही, असे असेल तर शेपटी जड झाली असेल. एक पट्टी काढावी.

तो स्थिर उभा राहिला की मुले कागदाचा तळहाताएवढा तुकडा घेतात, मध्यापर्यंत चिरतात आणि दोऱ्यात अडकवतात. वारा त्याला ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत कण्णीपर्यंत नेतो. माझ्या कागदावर मी माझ्या आजीचे नाव मराठीत लिहिले. मुलीने अक्षरे पाहिली, शिरोरेषेवरून बोट फिरवले आणि आजी कुठे असते ते विचारले. मी वर बोट दाखवल्यावर तिने मान डोलावली आणि दोरा माझ्या हातात दिला.

१ नोव्हेंबरला कबरस्तानात गेलात, तर

सान्तियागोत पतंग कबरस्तानातच उडवले जातात. कबरींवर झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या असतात. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचाच. कुटुंबे तिथे बसून जेवतात, प्रार्थना करतात. कबरींवर पाय देऊ नये, आणि आपला पतंग उडवायचा असेल तर गावातल्या मुलांच्या मागे, कडेला उभे राहावे, म्हणजे दोरे गुंतत नाहीत. गुंतलेच तर दोरा तोडण्याऐवजी दोघांनी एकमेकांकडे चालत जाऊन तो सोडवावा. तिथे तशीच रीत आहे.

कागद फाटला तर फाटीपेक्षा बोटभर मोठे ठिगळ मागच्या बाजूने लावावे, आणि त्याच वजनाचे दुसरे ठिगळ विरुद्ध बाजूला. परतताना पतंग मोडून आणण्याचा खटाटोप करू नये. काड्या लांब असतात आणि वाळक्या वनस्पतींबद्दल विमानतळांवर प्रश्न विचारले जातात. पतंग त्या घरातच ठेवावा. मी फक्त अर्ध्या काडीएवढा तो दोऱ्याचा तुकडा वहीत ठेवून आणला, आणि पुण्यात पहिली कामटी कापली ती त्यालाच मापून.